घराला साजेसा गृहोद्योग

घरबसल्या चार पैसे मिळावेत, ही अपेक्षा आज शहर आणि खेडे यांच्यात फारसा भेद करीत नाही. कोणाला मुलांच्या शिक्षणाचा खर्च भागवायचा असतो, कोणाला घरकर्जाच्या हप्त्याला हातभार लावायचा असतो, तर कोणाला घरातील आजारी माणसाला सोडून दूर कामावर जाता येत नाही. अशा वेळी गृहोद्योगाचा विचार पुढे येतो. परंतु कोणता उद्योग करावा, हा निर्णय पुष्कळदा विचारपूर्वक होत नाही. शेजारणीने मसाले विकले म्हणून मसाले, प्रशिक्षणवर्ग शिवणाचा निघाला म्हणून शिवण, योजनेतून पिठाची गिरणी मिळाली म्हणून दळण, अशा रीतीने उद्योगाची निवड होते. वर्षभराने यंत्रावर धूळ साचते, भांडवल अडकून पडते आणि "आपल्याला व्यवसाय जमत नाही" अशी खंत मनात घर करून बसते. वस्तुतः अपयश त्या व्यक्तीचे नसते, ते निवडीचे असते.

ही निवड कशी करावी, याचा विचार येथे करावयाचा आहे. त्यासाठी बदलापूरच्या पश्चिमेकडील मांजर्लीसारखी वस्ती डोळ्यांपुढे ठेवणे उपयोगी पडेल.

मांजर्ली : एक प्रातिनिधिक वस्ती

मांजर्ली हा कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीतील भाग. उल्हास नदीच्या खोऱ्यात वसलेले बदलापूर मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर असून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटर अंतरावर आहे. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १,७४,२२६ इतकी नोंदली गेली. मुंबई आणि ठाण्यातील घरांच्या किमती न परवडणारी हजारो कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. घरातील कमावती माणसे पहाटे लोकल गाठतात आणि दिवेलागणीनंतर परततात. मुंबईला जाण्यासाठी एका बाजूने दीड तास किंवा त्याहूनही अधिक वेळ मोडतो. म्हणजे नोकरीचे आठ तास आणि प्रवासाचे तीन-साडेतीन तास असा हिशेब होतो.

ज्यांना हा प्रवास झेपत नाही, त्यांच्या हाती कसब असूनही रोजगार नसतो. दुसरीकडे, रोज प्रवास करणाऱ्या कुटुंबांपाशी पैसा थोडाबहुत असतो, पण वेळ नसतो. एका घरात वेळ आहे आणि पैसा नाही, शेजारच्या घरात पैसा आहे आणि वेळ नाही. गृहोद्योगाची पहिली संधी नेमकी येथेच असते. मात्र ती दिसण्यासाठी प्रथम आपल्या घराकडे आणि मग गल्लीकडे नीट पाहावे लागते.

घरातून उद्योग करण्याची परंपरा या परिसराला नवी नाही. शेजारचे उल्हासनगर फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावण्यांत आश्रयाला आलेल्या सिंधी निर्वासितांनी उभारले. १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. सर्वस्व गमावून आलेल्या या कुटुंबांपाशी भांडवल नव्हते, परंतु पापड-लोणच्यांपासून शिवणकामापर्यंत हाताचे कसब आणि व्यापाराची समज होती. जे येत होते तेथूनच त्यांनी आरंभ केला.

आवड, कसब आणि गरज

उद्योग निवडताना "तुम्हाला काय आवडते?" हा प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो. प्रश्न योग्य आहे, पण अपुरा आहे. आवड, कसब आणि गिऱ्हाइकाची गरज या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्या तिन्ही एकत्र आल्याशिवाय उद्योग उभा राहत नाही.

आवड म्हणजे एखादे काम करताना मन रमणे. पण सणासुदीला हौसेने चकल्या करणे आणि रोज पाच किलो चकल्या तळणे यांत अंतर आहे. म्हणून आवडीची परीक्षा पहिल्या दिवशी होत नाही, शंभराव्या दिवशी होते. तेच काम, तेच माप, तीच वेळ, असे तीन महिने चालले तरी कंटाळा येणार नाही का, असा प्रश्न स्वतःला विचारावा. काहींना वस्तू घडविण्यात आनंद वाटतो, काहींना माणसांशी बोलण्यात, तर काहींना नेटका हिशेब ठेवण्यात. हिशेबाची आणि बोलण्याची आवडही उद्योगाच्या कामी येते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

कसब म्हणजे ते काम प्रत्येक वेळी सारख्या दर्जाचे आणि ठरलेल्या वेळेत करता येणे. घरच्या मंडळींनी केलेले कौतुक ही कसबाची खूण नव्हे. आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाने पैसे मोजून वस्तू घेतली आणि काही दिवसांनी तो आपणहून पुन्हा आला, तर ती खरी पावती.

तिसरी गोष्ट म्हणजे गरज. आपल्या वस्तूची निकड कोणाला आहे, तो कोठे राहतो, आठवड्यातून किती वेळा घेईल आणि आज ती कोठून घेतो, या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहिता आली पाहिजेत. "सगळेच घेतील" हे उत्तर म्हणजे उत्तर नसल्यासारखेच होय.

सात जणींचा धडा

कसबाच्या आधारे उद्योग निवडण्याचे महाराष्ट्रातील सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात गुजराती गृहिणींनी एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यास प्रारंभ केला. भांडवल होते ८० रुपये, तेही सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे कार्यकर्ते छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली आणि ती ओळखीच्या व्यापाऱ्यास विकण्यात आली. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन जमनादास पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

ही कथा प्रेरणा म्हणून अनेकदा सांगितली जाते. अभ्यासाच्या दृष्टीने मात्र तिच्यातील व्यवहाराचे बारकावे अधिक मोलाचे आहेत. पहिली गोष्ट अशी की, या स्त्रियांनी नवे काही शिकून उद्योग काढला नाही. पापड लाटणे हे त्यांच्या अंगवळणी पडलेले काम होते. दुसरी गोष्ट दर्जाची. आरंभी दोन प्रतींचे पापड करून हलकी प्रत स्वस्तात विकण्याचा प्रयत्न झाला. तेव्हा एकच उत्तम प्रत ठेवावी, तिच्यात तडजोड करू नये आणि हिशेब चोख ठेवावा, असा सल्ला पारेख यांनी दिला व तो पाळला गेला. तिसरी गोष्ट ऋतूची. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात आणि काम चार महिने बंद ठेवावे लागले. पुढील वर्षी खाट आणि स्टोव्ह आणून, खाटेवर पापड पसरून खालून उष्णता देण्याची युक्ती योजण्यात आली. चौथी गोष्ट अपयशाची. १९६१ मध्ये मालाड येथे शाखा काढण्याचा प्रयत्न सफल झाला नाही. एका ठिकाणी रुजलेला उद्योग दुसरीकडे आपोआप रुजत नाही, हे त्यातून दिसते. १९६६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता दिली. म्हणजे आधी सात वर्षे कामाचा पाया घातला गेला आणि मग शासकीय साहाय्य आले.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. लिज्जतच्या पद्धतीत कणीक केंद्रावर मळली जाते, भगिनी ती घरी नेऊन पापड लाटतात आणि तयार पापड केंद्रावर आणून देतात. खरेदी, तपासणी, बांधणी आणि विक्री यांची जबाबदारी केंद्राची असते. प्रत्येक उद्योगात खरेदी, निर्मिती, विक्री आणि हिशेब अशी चार कामे असतात आणि एका व्यक्तीला ती चारही उत्तम साधतीलच असे नाही. जिला लाटणे येते पण विकणे येत नाही, तिला एकटीने दुकान मांडायला लावणे हा अन्याय होय. तिला विक्री जाणणाऱ्या जोडीदारणीची किंवा गटाची गरज असते.

अडचण ओळखून उपाय

मुंबईतील दुसरे उदाहरण वेगळी बाजू दाखवते. गिरणगावात कामगारांना जेवण पुरविणाऱ्या खाणावळी चालविणाऱ्या स्त्रियांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. या स्त्रियांना स्वयंपाक शिकविण्याची आवश्यकता नव्हती. गिऱ्हाईकही दारात होते. अडचण होती ती सावकारी व्याजाची. किराणा उधारीवर, पैसा व्याजाने आणि कामगाराचे पैसे महिन्याच्या शेवटी, अशा चक्रात त्यांची मेहनत आटून जात असे. बँकेचे कर्ज मिळवून देणे हा तेथे खरा उपाय ठरला.

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की मार्गदर्शन करणाऱ्या अधिकाऱ्याला, शिक्षकाला आणि लोकप्रतिनिधीला एक धडा मिळतो. पापड लाटणाऱ्या भगिनींना बाजाराशी जोडणारी व्यवस्था हवी होती, तर खाणावळ चालविणाऱ्या भगिनींना रास्त व्याजाचा पैसा हवा होता. दोघींना सरसकट शिवणयंत्रे वाटली असती तर दोघींचेही भले झाले नसते. काय कमी आहे हे विचारल्यावाचून दिलेली मदत दात्याच्या यादीत भर घालते, पण घेणाऱ्याच्या चुलीपर्यंत ती पोहोचत नाही.

घराची पाहणी

कसब आणि गिऱ्हाईक यांचा मेळ बसला तरी घराची संमती घ्यावी लागते. कारखान्याची जागा कामासाठी बांधलेली असते, घर मात्र राहण्यासाठी असते. त्यात उद्योगाला वाटा द्यायचा, तर जागा, पाणी, वीज, वेळ आणि शेजार या पाच गोष्टी तपासाव्यात.

जागेचा विचार करताना केवळ काम करण्याची जागा मोजून भागत नाही. कच्चा माल, तयार माल आणि रिकामी भांडी यांनाही जागा लागते. दोन खोल्यांच्या सदनिकेत शिवणयंत्र मावते, पण कापडाचे गठ्ठे आल्यावर मुलांनी अभ्यासाला बसावे कोठे, हा प्रश्न उभा राहतो. खाद्यपदार्थ करायचे असतील, तर नळाला पाणी कोणत्या वेळी येते याचा विचार आधी करावा लागतो. विजेवर चालणारे मोठे यंत्र आणण्यापूर्वी घरातील जोडणीला तो भार पेलेल का, याची जाणकाराकडून खात्री करून घ्यावी. मसाला कांडण्याचा आवाज, तळणाचा वास आणि गिऱ्हाइकांची ये-जा यांचा शेजाऱ्यांना उपद्रव होत असेल, तर चांगला चाललेला उद्योगही तक्रारींपायी बंद करावा लागतो. गृहनिर्माण संस्थेशी आधी बोलून घेणे शहाणपणाचे असते.

वेळेची तपासणी अधिक सूक्ष्म आहे. आठवडाभर आपल्या दिवसाची नोंद ठेवली, तर खरोखर मोकळे तास किती आणि ते सलग आहेत की तुकड्यातुकड्यांचे, हे स्पष्ट होते. अर्ध्या अर्ध्या तासाच्या तुकड्यांत फॉल-बिडिंगचे काम होऊ शकते. पुरणपोळ्यांची मागणी मात्र तशी पुरी करता येत नाही. घरातील इतर माणसे कोणते काम वाटून घेणार आहेत, हेही आरंभीच ठरावे. नाहीतर उद्योग म्हणजे त्या स्त्रीच्या डोक्यावर चढलेला आणखी एक हंडा ठरतो.

बदलापूरच्या बाबतीत सहावी तपासणी अपरिहार्य आहे, ती म्हणजे पावसाची आणि पुराची. २६ जुलै २००५ च्या महापुरात आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीचे पाणी बदलापूरच्या पश्चिमेकडील सखल भागांत शिरले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. तळमजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाने पिठाची पोती, कापड किंवा यंत्र जमिनीवर ठेवून उद्योग करणे धोक्याचे आहे. पावसाळ्यात माल कमी ठेवावा, तो उंच फळीवर असावा, यंत्राचा आणि मालाचा विमा उतरवावा. हे जमण्याजोगे नसेल, तर ज्यात मालाचा साठा फारसा लागत नाही असाच उद्योग निवडावा.

काही उद्योग आणि त्यांचे स्वभाव

प्रत्येक उद्योगाचा स्वतःचा एक स्वभाव असतो. मांजर्लीसारख्या वस्तीत संभवणाऱ्या काही उद्योगांचा त्या दृष्टीने विचार करता येईल.

पोळी-भाजी : संध्याकाळी उशिरा परतणाऱ्या कुटुंबांची ही रोजची गरज आहे. भांडवल थोडे लागते आणि पैसा त्याच दिवशी हाती येतो. परंतु येथे सुट्टी नाही. ज्या दिवशी पोळ्या मिळाल्या नाहीत, त्या दिवशी गिऱ्हाईक दुसरे दार शोधते. नेमकेपणा आणि स्वच्छता अंगी असणाऱ्या व्यक्तीला हे काम मानवते.

शिवणकाम : माल नासत नाही आणि काम तुकड्यांच्या वेळात करता येते, हे याचे गुण. पण एकाच गल्लीत दहा जणी पोलकी शिवू लागल्या की दर पडतात. अशा वेळी एकीने उसवणे-दुरुस्तीचे, दुसरीने शाळेच्या गणवेशाचे, तिसरीने गोधड्या आणि पिशव्यांचे काम निवडावे. कारखान्यातून घरी दिल्या जाणाऱ्या शिलाईच्या कामात विक्रीची चिंता नसते. मात्र नगामागे दर किती, सदोष माल परत आल्यास नुकसान कोणाचे आणि पैसे केव्हा मिळणार, हे आधी लिहून घ्यावे.

पाळणाघर आणि शिकवणी : आईवडील दोघेही मुंबईला जाणाऱ्या घरांत मुलांचा सांभाळ हा जिवाभावाचा प्रश्न असतो. येथे विकली जाते ती वस्तू नव्हे, विश्वास विकला जातो. मुलांविषयी खरी माया, सहनशीलता आणि सुरक्षित घर यांवाचून हा उद्योग करू नये. गॅलरीची जाळी, औषधांचे कपाट, उघडी वीजजोडणी यांची तपासणी केल्याखेरीज एकही मूल स्वीकारू नये.

फळप्रक्रिया : बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन लाभले आहे. जांभळाचा हंगाम पावसाच्या तोंडावर येतो, तो अल्पकाळ टिकतो आणि फळ लवकर खराब होते. म्हणून ताजे फळ विकणे, गर काढून सरबत करणे आणि बी वाळवून चूर्ण करणे हे तीन वेगळे उद्योग आहेत, हे समजून घ्यावे. ज्यांच्या घराजवळ झाडे आहेत आणि ज्यांनी टिकवणुकीचे शास्त्रीय शिक्षण घेतले आहे, अशा गटांना हे काम जमेल. चूर्ण किंवा सरबत रोग बरा करते, असा दावा मात्र वेष्टनावर करू नये. तसे करणे कायद्याला धरून नाही आणि गिऱ्हाइकाशी प्रामाणिकपणाचेही नाही.

हंगामी कामे : राख्या, दिवाळीचा फराळ, मखरे, तिळगूळ यांची मागणी थोड्या दिवसांची पण मोठी असते. वर्षभर काम करणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी दोन-तीन हंगाम निवडून तेवढेच नेटाने करावे. उरलेला माल सणानंतर कोणी विचारीत नाही, म्हणून आगाऊ मागणी नोंदवूनच आरंभ करावा.

हिशेबाची वही

पुष्कळ गृहोद्योग नफ्यात आहेत असे वाटत असते, कारण त्यांत स्वतःच्या श्रमाचे मोल धरलेले नसते. पुढील उदाहरणातील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. वाचकांनी आपल्या गावचे भाव त्यात भरावेत.

समजा, एका भगिनीने दिवसाला १०० पोळ्या केल्या. कणीक १३५ रुपये, तेल २० रुपये, गॅस ४० रुपये आणि कागद-पिशव्या १५ रुपये, असा खर्च २१० रुपये झाला. भांडी व शेगडीच्या दुरुस्तीसाठी रोज २० रुपये बाजूला ठेवले. एकूण खर्च २३० रुपये. पोळीचा भाव ६ रुपये धरला, तर सगळ्या पोळ्या खपल्यास ६०० रुपये येतात व ३७० रुपये उरतात. परंतु सगळ्या पोळ्या रोज खपत नाहीत. ९२ पोळ्या खपल्या तर ५५२ रुपये येतात व ३२२ रुपये उरतात. खरेदी, मळणे, लाटणे, भाजणे आणि पोहोचविणे यांत साडेचार तास गेले असतील, तर तासाला सुमारे ७२ रुपये पडले. केवळ ७५ पोळ्या खपल्या तर २२० रुपये उरतात आणि तासाचे मोल ४९ रुपयांवर येते.

या छोट्याशा हिशेबातून कळते की, या उद्योगाचे मर्म लाटण्याच्या वेगापेक्षा आदल्या दिवशी मागणी नोंदविण्यात आहे. न खपलेल्या पंचवीस पोळ्यांनी तासाची सुमारे चाळीस टक्के मिळकत खाल्ली. अशी वही तीन महिने प्रामाणिकपणे लिहिली, तर उद्योग वाढवावा, बदलावा की थांबवावा, याचे उत्तर वहीच देते. घरखर्चाचा डबा आणि उद्योगाचा डबा वेगळे असावेत, हा यातील पहिला नियम. घरात वापरलेल्या मालाचीही नोंद करावी, हा दुसरा.

नोंदणी, कर्ज आणि सावधगिरी

खाद्यपदार्थ विकणाऱ्या लहान व्यावसायिकालाही अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ खाली नोंदणी करावी लागते. सूक्ष्म उद्योगांसाठी १ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणीची पद्धत आली असून ती विनामूल्य आहे. तिच्यासाठी शुल्क मागणाऱ्या मध्यस्थास थारा देऊ नये.

साहाय्य करणाऱ्या यंत्रणाही अनेक आहेत. महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना १९७५ मध्ये झाली असून बचत गटांच्या उभारणीत त्याचे कार्य मोठे आहे. जिल्हा उद्योग केंद्रांची योजना १९७८ मध्ये आली. उद्योजकतेचे प्रशिक्षण देणारे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून कार्यरत आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ मध्ये, मुद्रा योजना २०१५ मध्ये आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. योजनांच्या अटी वेळोवेळी बदलत असल्याने अर्ज करण्यापूर्वी जिल्हा उद्योग केंद्रात किंवा बँकेत चालू नियम समजून घ्यावेत.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी कसबाची परीक्षा, मग लहान प्रमाणावर विक्री, मग तीन महिन्यांचा हिशेब आणि त्यानंतर कर्ज. अनुदान मिळते म्हणून उद्योग निवडणे म्हणजे वरात निघाल्यावर नवरदेव शोधण्यासारखे आहे. अनुदान एकदा मिळते, हप्ता मात्र दर महिन्याला दारात उभा राहतो. दागिने गहाण ठेवून यंत्र आणण्यापूर्वी ते भाड्याने किंवा भागीदारीत मिळते का, हे पाहावे.

घरबसल्या कामाच्या नावाखाली चालणाऱ्या फसवणुकीकडेही लक्ष वेधले पाहिजे. पेन्सिली भरून देण्याचे किंवा संगणकावर मजकूर उतरविण्याचे काम देतो, त्यासाठी आधी अनामत भरा, असे सांगणाऱ्या जाहिराती आणि भ्रमणध्वनीवरील संदेश सर्वत्र फिरत असतात. काम करणाऱ्याला पैसे मिळायचे असतात, त्याने ते भरायचे नसतात. ही एक खूणगाठ मनाशी बांधली, तरी अनेक घरांचे नुकसान टळेल. फसवणूक झालीच, तर संकोच न करता पोलिसांकडे तक्रार करावी. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा मदत क्रमांक आहे.

गावच्या कारभाऱ्यांचे काम

मांजर्ली नगरपरिषदेच्या हद्दीत असली, तरी अंबरनाथ तालुक्यातील भोवतालची गावे ग्रामपंचायतींच्या कारभाराखाली आहेत. दोन्हीकडे करण्याजोगी काही कामे आहेत आणि त्यांना फारसा निधीही लागत नाही.

शिक्षकांना मुलांच्या निमित्ताने घराघराची माहिती असते. पालकसभेत एकदा कसबांची नोंद घेतली, तर कोणाची आई उत्तम भरतकाम करते, कोणाचे आजोबा सुतारकाम जाणतात, कोणाचा भाऊ हिशेबात तरबेज आहे, हे कळते. हिशेबाची वही लिहिण्याचा सराव वरच्या वर्गांतील मुलांनाही देता येईल. गणिताचा तो उत्तम पाठ ठरेल.

ग्रामपंचायत सदस्यांनी प्रशिक्षणवर्ग मागण्यापूर्वी गावात त्या वस्तूला मागणी किती, याची चौकशी करावी. वीस जणींना एकच कसब शिकवून त्यांना एकमेकींच्या स्पर्धक बनविण्याऐवजी, वीस जणींत निर्मिती, बांधणी, विक्री आणि हिशेब अशी कामे वाटून देता येतील. समाजमंदिरातील एखादी कोरडी खोली पावसाळ्यात माल ठेवण्यास देणे, आठवडे बाजारात गटासाठी एक जागा राखणे, ही कामे लहान दिसली तरी उपयुक्त आहेत.

अधिकाऱ्यांनी योजनेचे यश वाटलेल्या यंत्रांच्या संख्येवरून मोजू नये. एक वर्षाने प्रत्यक्ष भेट द्यावी आणि त्यांपैकी किती यंत्रे चालू आहेत, किती जणींची वही लिहिली जाते आणि मिळालेला पैसा कोणाच्या हाती राहतो, हे तीन प्रश्न विचारावेत. बंद पडलेल्या यंत्राचे कारण शोधून ते पुढील वर्षाच्या आखणीत उतरविणे, हीच खरी प्रगती होय.

गटचर्चेसाठी प्रश्न

बचत गटाच्या किंवा पालकांच्या बैठकीत पुढील प्रश्नांवर प्रत्येकाने स्वतःचे उत्तर लिहावे.

१. कोणते काम मी रोज तीन महिने न कंटाळता करू शकेन?
२. माझे कोणते काम पाहून अनोळखी माणसाने पैसे दिले आहेत?
३. माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर त्याची गरज असलेली दहा घरे कोणती?
४. खरेदी, निर्मिती, विक्री आणि हिशेब यांपैकी मला काय जमत नाही व ते कोणाला जमते?
५. पावसाळ्यात, आजारपणात आणि परीक्षेच्या दिवसांत हे काम कसे चालेल?
६. हा उद्योग सहा महिन्यांत बंद करावा लागला, तर किती रुपयांचे नुकसान मी सोसू शकेन?

शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात येणारी रक्कम हीच आरंभीच्या भांडवलाची मर्यादा समजावी. त्या मर्यादेत राहून सुरू केलेला उद्योग फसला, तरी घर उभे राहते आणि मिळालेला अनुभव दुसऱ्या उद्योगाच्या कामी येतो. गिरगावच्या गच्चीवर ८० रुपयांनी सुरू झालेल्या कामाचे बळ त्या मर्यादेतच होते. त्या सात जणींनी जे येत होते तेच केले, जेवढे झेपत होते तेवढेच केले आणि पावसाने अडविल्यावर उपाय शोधला. मांजर्लीच्या एखाद्या सदनिकेत किंवा तालुक्यातील एखाद्या पाड्यावर नवा उद्योग मांडणाऱ्या कुटुंबाला त्याच वाटेने जाता येईल. त्यासाठी उद्योग घराच्या बेताने निवडावा, आणि मार्गदर्शकांनी आपल्या योजनेच्या मापात घर बसविण्याचा आग्रह धरू नये.